वाचकांचे प्रश्न : ‘सर्टिफाइड’ वापरलेली मोटार घेताना

वापरलेल्या मोटारींविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत या वेळी एकच विषय आहे : डीलरने ‘सर्टिफाइड’ म्हणून विक्रीस ठेवलेली गाडी. तशाच इतर जुन्या गाडीपेक्षा तिची किंमत जास्त असते आणि ही वरची रक्कम ग्राहक केवळ निर्धास्तपणासाठी मोजतो. तो निर्धास्तपणा त्याला खरोखर मिळतो का, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रश्न : चार वर्षे वापरलेली एक गाडी आम्हाला पसंत पडली आहे. तिच्या काचेवर ‘सर्टिफाइड’ असा फलक असून दीडशेहून अधिक मुद्द्यांवर तपासणी झाल्याचे डीलरचा विक्री प्रतिनिधी सांगतो. एवढी कसून तपासणी झाल्यावर आम्ही आणखी काही पाहण्याची गरज आहे का?

उत्तर : गरज आहे, आणि पहिला प्रश्न गाडीविषयी नव्हे, तर प्रमाणपत्राविषयी विचारायचा आहे : ते दिले कोणी? ‘सर्टिफाइड’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या व्यवहारांसाठी वापरला जातो. एका प्रकारात गाडी बनवणारी कंपनी गाडीचे वय आणि किलोमीटर यांच्या मर्यादा ठरवते, आपल्या अधिकृत डीलरकडून ठरावीक नमुन्यानुसार तपासणी करून घेते आणि वॉरंटीची जबाबदारी स्वतः स्वीकारते. त्यामुळे पुढे बिघाड झाल्यास त्या कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येही सहसा दाद मागता येते. दुसऱ्या प्रकारात तपासणारा, प्रमाणपत्र देणारा आणि विकणारा एकच असतो. वॉरंटी एक तर त्याच्या शब्दावर उभी असते किंवा एखाद्या तिसऱ्या संस्थेच्या सेवा-करारावर, आणि ती संस्था बंद पडली तर हातात केवळ कागद उरतो. हा दुसरा प्रकार मुळातच वाईट आहे असे नाही. प्रामाणिक डीलर तो प्रामाणिकपणे चालवतात. मात्र काचेवरचा फलक दोन्ही प्रकारांत सारखाच दिसतो. एखाद्या कंपनीचा अधिकृत डीलर बदल्यात आलेल्या इतर कंपन्यांच्या गाड्याही त्याच आवारात विकतो, तेव्हा तर गोंधळ अधिकच वाढतो : दारावरची पाटी एका कंपनीची असते आणि आपण घेत असलेल्या गाडीला त्या कंपनीचे कोणतेही पाठबळ नसते.

मुद्द्यांच्या संख्येने भारावून जाऊ नये. हॉर्न वाजतो, वायपर चालतात, जॅक जागेवर आहे, माहितीपुस्तिका गाडीत आहे, यांतील प्रत्येक गोष्ट यादीत एक मुद्दा म्हणून मोजली जाते. त्याऐवजी त्याच गाडीचा भरलेला तपासणी-तक्ता मागावा आणि त्यावर चासी क्रमांक, तारीख, ओडोमीटरची नोंद आणि तपासणाऱ्याची सही आहे का, ते पाहावे. ब्रेक पॅडची जाडी किंवा टायरच्या नक्षीची खोली जेथे मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, तेथे कोणीतरी खरोखर मोजमाप केलेले असण्याची शक्यता अधिक. नुसत्या बरोबरच्या खुणांनी भरलेल्या तक्त्यावर मी फारसा भरवसा ठेवणार नाही.

कंपनीचे नाव मोठे असले की सर्व दोष दूर झालेले असतात, असेही समजू नये. अमेरिकेत जनरल मोटर्स आपल्या सर्टिफाइड गाड्यांची जाहिरात १७२ मुद्द्यांच्या तपासणीचा उल्लेख करून करत असे. मात्र त्यांतील काही गाड्यांमध्ये सुरक्षेशी संबंधित दोष होते, त्या दोषांसाठी कंपनीनेच दुरुस्तीसाठी गाड्या परत मागवल्या होत्या आणि ती दुरुस्ती झालेली नव्हती. ही गोष्ट ग्राहकांपुढे पुरेशी उघड केली नाही, या आरोपावरून तेथील फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१६ मध्ये या कंपनीविरुद्ध आणि दोन डीलर-समूहांविरुद्ध कारवाई केली. म्हणून चासी क्रमांक घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये त्या गाडीचा कोणताही ‘रिकॉल’ बाकी नाही ना, याची खात्री आपणच करून घ्यावी. या कामाला काही मिनिटे पुरतात.

प्रश्न : डीलर ‘दोन वर्षांची वॉरंटी, इंजिनपासून सगळे कव्हर’ असे तोंडी सांगतो. लेखी काय मागावे?

उत्तर : माहितीपत्रक नव्हे, वॉरंटीचा संपूर्ण करार मागावा आणि तो पैसे भरण्यापूर्वी घरी नेऊन वाचावा. जुन्या गाडीतले दोष विकणाऱ्याला माहीत असतात आणि घेणाऱ्याला नसतात. या एका कारणाने संपूर्ण बाजार कसा बिघडू शकतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्याच उदाहरणावरून मांडले आणि २००१ मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल पुरस्कारामागे तेच काम होते. या विषमतेवरचा एक उपाय म्हणून त्यांनी हमीचा उल्लेख केला होता, कारण हमीमुळे दोषाचा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर येतो. वॉरंटीचे मोल तेवढ्यापुरतेच आहे : करारातील अपवादांमुळे तो खर्च पुन्हा आपल्याच अंगावर येत असेल, तर ती वॉरंटी नावापुरती राहते.

पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे मुदत कोणत्या दिवसापासून मोजली आहे. अनेक योजनांत ती आपण गाडी घेतल्याच्या दिवसापासून नव्हे, तर गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या दिवसापासून मोजतात. समजा, गाडी मार्च २०२१ मध्ये पहिल्यांदा विकली गेली आणि योजना ‘सहा वर्षांची’ आहे. तीच गाडी नोव्हेंबर २०२५ मध्ये घेणाऱ्याच्या हाती सहा वर्षे नव्हे, सोळा महिने उरतात. वर्षांबरोबर किलोमीटरची मर्यादाही असते आणि दोहोंपैकी जी आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. जास्त प्रवास करणाऱ्यांनी आपले वार्षिक किलोमीटर धरून हिशेब मांडावा.

दुसरी गोष्ट व्याप्तीची. ‘पॉवरट्रेन’ वॉरंटीत इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणारे भाग येतात. एसी, स्टिअरिंगची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, डॅशबोर्डवरचा स्क्रीन, सेन्सर आणि खिडक्यांच्या मोटारी त्यात बहुधा नसतात, आणि आजच्या गाड्यांत खर्चिक बिघाड अनेकदा याच ठिकाणी होतात. करार कसा लिहिला आहे, तेही पाहावे. ‘पुढील भाग वगळून सर्व’ अशी रचना ग्राहकाच्या हिताची असते; ‘केवळ पुढील भाग’ अशी रचना असेल, तर यादीत नाव नसलेला प्रत्येक भाग बाहेर राहतो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर आणि रबरी बुश यांसारखे झिजणारे भाग जवळपास नेहमीच वगळलेले असतात. तसेच टायमिंग बेल्ट (इंजिनातील भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) बदलण्याचे किलोमीटर जवळ आले असतील, तर तो खर्च देखभालीचा मानला जातो, म्हणजे तुमचा. तो किमतीच्या बोलणीतच काढावा.

तिसरी गोष्ट अटींची. प्रत्येक सर्व्हिस ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या ठिकाणीच करून पावत्या जपून ठेवण्याची अट, प्रत्येक दाव्याच्या वेळी ग्राहकाने भरायची रक्कम, दुरुस्तीपूर्वी परवानगी घेण्याची पद्धत आणि गाडी पुढे विकल्यास वॉरंटी नव्या मालकाकडे जाते की नाही, हे सारे करारात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. तोंडी दिलेली हमी करारात नसेल, तर ती नाहीच असे धरून चालावे.

प्रश्न : आम्ही आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवू म्हटल्यावर ‘सर्टिफाइड गाडीला त्याची गरज नसते’ असे उत्तर मिळाले. आग्रह धरावा का?

उत्तर : जरूर धरावा. विम्याच्या किंवा जागेच्या कारणावरून गाडी बाहेर नेऊ देत नसतील, तर मेकॅनिकला तेथेच बोलावून रॅम्पवर गाडी पाहू द्यावी, एवढी सोय तरी करता आली पाहिजे. तीही नाकारली, तर ती गाडी सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

मेकॅनिकला नेमके काय पाहायला सांगावे, हेही लिहितो. रंगाची जाडी मोजण्याच्या यंत्राने प्रत्येक पॅनेल तपासावे. कारखान्यातला रंग बहुतेक गाड्यांवर साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. एकाच दारावर त्याच्या दुपटी-तिपटीहून जास्त आकडा आला, तर तेथे पुटी भरून पुन्हा रंग दिलेला असण्याची दाट शक्यता असते. ओरखड्यासाठी दिलेला रंग चिंतेचा नाही. चासीचे पुढचे दांडे, बॉनेटखालचे जोड किंवा डिकीतील स्टेपनीची जागा कापून वेल्डिंग केलेली असेल, तर मात्र गाडीला मोठा अपघात झालेला असतो. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या भागावर गाळाचा डाग आहे का, सीटच्या रुळांवर आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज आहे का, हे पाहावे. आतून नुकतीच खूप सुवासिक केलेली गाडी अधिक बारकाईने पाहावी.

गाडीच्या संगणकातील बिघाडांच्या नोंदी वाचणारे यंत्र, म्हणजे स्कॅनर, लावल्यावर एकही दोष-कोड दिसला नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. कोड पुसून टाकता येतात. परंतु ते पुसल्यावर उत्सर्जन-यंत्रणेच्या (धुरावर नियंत्रण ठेवणाऱ्या भागांच्या) गाडीने स्वतःच घेतलेल्या चाचण्याही कोऱ्या होतात आणि गाडी काही काळ चालल्याखेरीज त्या पूर्ण होत नाहीत. म्हणून या चाचण्यांची स्थिती पाहायला सांगावी. त्यांतील बऱ्याच ‘अपूर्ण’ दिसल्या, तर बॅटरी नुकतीच काढली होती किंवा दोष नुकताच पुसला, असा अर्थ होतो. दोहोंपैकी काय झाले, ते डीलरला विचारावे आणि गाडी काही दिवस चालवून पुन्हा तपासावी.

ओडोमीटरचा आकडा इतर पुराव्यांशी ताडून पाहावा. सर्व्हिसच्या नोंदींतील किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत का, पेडलचे रबर, स्टिअरिंगचे आवरण आणि चालकाच्या सीटची कड यांची झीज आकड्याला साजेशी आहे का? टायरवरील कोडच्या शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. वीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर गाडीहून बरेच नवे असतील, तर ते इतक्या लवकर का बदलावे लागले, याचे उत्तर मिळायला हवे. गाडीचा इतिहास-अहवाल उपयोगी असतो, परंतु त्यात नोंदवलेल्या घटनाच येतात. विम्याचा दावा न करता खिशातून दुरुस्त केलेला अपघात त्यात सापडत नाही, आणि म्हणून कोरा अहवाल प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : किमतीबद्दल विचारले की प्रतिनिधी हप्ता किती परवडेल, तेच विचारतो.

उत्तर : हप्त्याचे बोलणे शेवटी करावे. मुदत वाढवली की कोणतीही गाडी परवडणारी वाटते. आधी सर्व शुल्कांसह गाडीची एकूण किंमत लेखी घ्यावी, तीत ‘सर्टिफिकेशन’चे शुल्क वेगळे लावले आहे का ते पाहावे आणि तीन आकडे शेजारी ठेवावेत : ही गाडी, प्रमाणपत्राविना मिळणारी तशीच गाडी, आणि कंपनीची नवी गाडी. पहिल्या दोहोंतला फरक ही वॉरंटीची खरी किंमत. नव्या गाडीशी फरक थोडाच उरत असेल, तर नवी गाडी तिच्या पूर्ण वॉरंटीसह घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते. जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल, तर तिचे मूल्यही स्वतंत्रपणे ठरवावे. सगळे व्यवहार एका हप्त्यात मिसळले की कोठे किती गेले, ते कळत नाही.

प्रश्न : सर्टिफाइड इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळे काय पाहावे?

उत्तर : मुख्यतः बॅटरी. अनेक उत्पादक बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी देतात आणि क्षमता घटल्याबद्दलची हमी ती मूळच्या ७० टक्क्यांखाली गेली तरच लागू होते. म्हणजे ७२ टक्क्यांवर आलेली बॅटरी सदोष ठरत नाही, तरी तुमचा प्रवासाचा पल्ला मात्र मूळच्या जवळपास तीन-चतुर्थांशावर आलेला असतो. त्यामुळे ‘बॅटरी तपासली आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. क्षमतेची टक्केवारी दर्शवणारा तारखेसह लेखी अहवाल मागावा आणि बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला विनाअट मिळते का, हे उत्पादकाकडूनच विचारून घ्यावे.

प्रश्न : सर्टिफाइड गाडी घेऊन दहा दिवस झाले. गिअर बदलताना धक्का बसतो. डीलर ‘चालवा, आपोआप बसेल’ म्हणतो. शिवाय कबूल केलेली दुसरी किल्लीही अद्याप मिळालेली नाही.

उत्तर : थांबू नका. वॉरंटीच्या पहिल्या दिवसांत केलेली तक्रार सर्वांत बळकट असते, कारण दोष विक्रीच्या वेळीच होता हे दाखवणे तेव्हा सोपे जाते. तक्रार आजच ईमेलने लिहा. त्यात तारीख, किलोमीटर आणि धक्का नेमका केव्हा बसतो, गाडी थंड असताना की गरम झाल्यावर, हे नमूद करा आणि शक्य झाल्यास चित्रफीत जोडा. गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये द्याल तेव्हा जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या व त्याची प्रत मागा. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळाला तरी ते कागद जपून ठेवा. परवानगी न घेता बाहेरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडू देऊ नका, कारण त्याच कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. करार डीलरचा नसून उत्पादकाचा असेल, तर उत्पादकाच्या ग्राहकसेवा विभागालाही त्याच दिवशी कळवा. काही योजनांत ठरावीक दिवसांत गाडी परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुभा असते. तुमच्या करारात ते कलम आहे का आणि त्याची मुदत कधी संपते, हे सर्वांत आधी पाहा. किल्लीविषयीचे वचन विक्रीच्या कागदावर असेल तर त्याचा क्रमांक देऊन मागणी करा, आणि नसेल तर डीलरकडून तारखेसह लिहून घ्या.