वाचक विचारतात: सुट्टीत वाचन मागे पडतंय, काय करू?

परीक्षा संपल्या की या सदराकडे पालकांची पत्रं वाढतात आणि त्यातली निम्मी तरी वाचनाबद्दल असतात, म्हणून या वेळी फक्त तीच घेतलीत.

प्रश्न: ताई, माझा मुलगा सेमी इंग्लिशला आहे, आत्ता तिसरी झाली. वाचतो पण अक्षर अक्षर जुळवत, जोडाक्षर आलं की अडकून बसतो. गेल्या जूनमध्ये बाई म्हणाल्या, सुट्टीत सगळं विसरून आलाय. म्हणून यंदा वर्कबुक आणलं, रोज सकाळी तासभर बसवते आणि रोज रडारड होते. मुलं खरंच एवढी विसरतात का? – एक आई, चिंचवड

विसरतात, पण सगळं नाही. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली 39 अभ्यास एकत्र करून पाहिले, तर सुट्टीत सरासरी साधारण महिन्याभराचं शिकलेलं मागे जातं असं निघालं. पुढे काही संशोधकांनी त्या मोजण्याच्या पद्धतीवरच शंका घेतल्या, आणि तिकडची सुट्टीही आपल्यापेक्षा बरीच मोठी असते. त्यामुळे महिन्याचा आकडा डोक्यात घेऊन बसू नका. पण एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी बघत आले, जे मूल आधीच अडखळत वाचतं त्याला सुट्टीतला खंड जास्त जाणवतो, कारण त्याचं वाचन अजून हातात बसलेलं नसतं. तुमचा मुलगा नेमका त्या टप्प्यावर आहे.

आता वर्कबुक. ते बाजूला ठेवा, अगदी आजच. गाळलेल्या जागा भरून वाचन सुधारत नाही, वाचन वाचूनच सुधारतं, आणि तेही सोपं वाचून. आपल्याकडे पालकांना वाटतं की तिसरी झाली म्हणजे आता चौथीचं पुस्तक हातात द्यायचं, पण अडखळणाऱ्या मुलाला पहिली-दुसरीच्या पातळीची गोष्ट द्या, मोठा टाइप, पानावर चार ओळी, भरपूर चित्रं. एका पानावर पाचेक शब्द अडले तर ते पुस्तक सध्या अवघड आहे असं समजा, बदला. सोपं पुस्तक भराभर वाचून संपवलं की त्याला पहिल्यांदा कळतं की आपल्यालाही जमतं. मग तो आपणहून दुसरं मागतो. हे मागणं फार महत्त्वाचं, मी तर म्हणेन सुट्टीत एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

जोडाक्षरांचं म्हणाल तर त्यात त्याचा दोष नाही हो, आपली लिपी तिथे खरंच अवघड आहे. एकटा र बघा, सूर्यात तो डोक्यावर बसतो, प्रकाशात पायाशी तिरकी रेघ होतो, ट्रकमध्ये खाली टोपीसारखा येतो आणि कैऱ्यांमध्ये अजून वेगळाच दिसतो. त्यात रफार लिहायचा पुढच्या अक्षरावर आणि म्हणायचा आधी, पहिली वेलांटी उलट, ती लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. मूल डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातं म्हणून तिथे हमखास चुकतं. यावर पाढ्यासारखं पाठांतर नको. घरात जे चाललंय त्यातलेच शब्द घ्या, कैऱ्या, बर्फ, फ्रीज, आणि कागदाच्या चिठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरात लिहून त्या त्या वस्तूला चिकटवा. रोज येताजाता नजर पडते, आकार डोळ्यात बसतो.

आणि वेळ? वीस मिनिटं पुरे, झोपायच्या आधी किंवा दुपारी ऊन असतं तेव्हा. एक पान तुम्ही वाचा, एक त्याने वाचायचं, शेजारी बसून, बोट ओळीखाली ठेवून. तो चुकला की लगेच तोंडातून शब्द काढून घेऊ नका, चारपाच सेकंद थांबा, बरेचदा तो स्वतःच सुधारतो. नाहीच जमलं तर शब्द सांगा आणि पुढे चला, तिथे थांबून स्पेलिंग विचारल्यासारखं अक्षरं विचारत बसलं की गोष्टीची मजाच जाते. स्पीडचं टेन्शनही नको. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान 60 शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य आहे, पण ते शाळेने बघायचं, घरी घड्याळ लावून मुलाला वाचायला बसवू नका प्लीज.

प्रश्न: मुलं जिल्हा परिषद शाळेत, दुसरी आणि चौथीत. घरात पाठ्यपुस्तकं सोडून पुस्तक नाही, गावात वाचनालय नाही. मोबाईल एकच, तोही दिवसा माझ्याबरोबर रानात असतो. काय करावं? – एक वडील, परभणी जिल्हा

भाऊ, तुम्ही हे विचारलंत याचाच मला खूप आनंद झाला. सगळ्यात आधी शाळेला सुट्टी लागायच्या आत मुख्याध्यापकांना भेटा. समग्र शिक्षा योजनेत 2018 पासून सरकारी शाळांच्या ग्रंथालयासाठी दरवर्षी शाळेप्रमाणे 5,000 ते 20,000 रुपयांची तरतूद आहे, म्हणजे गोष्टीची पुस्तकं कपाटात असण्याची बरीच शक्यता आहे. ती मे महिनाभर कुलपात ठेवून कोणाचं भलं होतंय? चारपाच पालक मिळून गेलात, वहीत नावं लिहून सह्या करून पुस्तकं घरी न्यायची आणि शाळा उघडली की परत करायची असं सांगितलंत तर बहुतेक गुरुजी नाही म्हणत नाहीत. फाटतील ही भीती असते त्यांना, तर ती जबाबदारी तुम्ही घ्या. मग प्रत्येक घरात दोनतीन पुस्तकं आली तरी आळीत अदलाबदल करून सुट्टी निघते.

मोबाईल संध्याकाळी घरी येतो ना, तेव्हा वापरा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या, डाउनलोड करून ठेवल्या की नेट नसलं तरी चालतं. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंकही नेटवर फुकट वाचता येतात, चौथीतल्याला ते आवडेल.

पुस्तक नसतानाही वाचायला खूप असतं पण. मे म्हणजे लग्नसराई, घरात आलेल्या पत्रिका मुलांना वाचायला द्या, कोणाचं लग्न, कुठे, किती वाजता, ते त्यांनीच घरच्यांना सांगायचं. एसटीच्या पाट्या, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, पेपरची रद्दी. आणि आजी असेल तर आरत्यांचं पुस्तक. मुलांना आरत्या पाठ असतात, म्हणताना बोट ओळीवर फिरवायचं, म्हणजे तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द एकमेकांना भेटतात. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवायचं जे काम 1996 पासून उभं केलं, त्यामागे हेच तत्त्व आहे. तुम्हाला स्वतःला वाचायला फारसं येत नसलं तरी बिघडत नाही, मुलांना म्हणा मला वाचून दाखव, आणि लक्ष देऊन ऐका.

प्रश्न: नात बंगळुरूला असते, पाचवीत, मराठी छान बोलते पण वाचत नाही. महिनाभर आमच्याकडे येतेय. एवढ्यात मुळाक्षरांपासून होईल का? – एक आजोबा, सांगली

आजोबा, आधी हे विचारा की शाळेत तिला हिंदी आहे का. असेल तर तिला देवनागरी येतेच, मुळाक्षरांची गरज नाही! फक्त ळ दाखवा, कैऱ्यांमधला र दाखवा, आणि चमच्यातला च आणि चहातला च लिहायला एकच असले तरी म्हणायला वेगळे हे कानाने समजेल, कारण बोलायला तिला येतंच. हिंदी नसेल तर मात्र महिन्यात सगळं उरकायचा हट्ट धरू नका, तिचं नाव, तुमचं नाव, आवडीचे पदार्थ इथून सुरुवात करा आणि रोज रात्री तुम्ही वाचून दाखवा. जमलं तर एक दिवस पाचगणीजवळ भिलारला घेऊन जा, 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घराघरात पुस्तकं मांडलेली असतात, मुलांचं वेगळं दालनही आहे. ती परत गेली की आठवड्याला एक पत्र लिहा, हाताने, चारच ओळी. आजोबांचं पत्र वाचायला मूल धडपडतंच.

प्रश्न: मुलगी सात वर्षांची, तेच एक पुस्तक पंधरा वेळा वाचते, नवीन घेतच नाही. – ठाणे

वाचू द्या. परत परत वाचताना ओघ येतो, आवाजात चढउतार येतात. नवीन पुस्तक तिच्या उशाशी नुसतं ठेवून द्या, विचारू नका.