वाचकांचे प्रश्न : घरातील मोठे सिक्लिड

प्रश्न : आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. गेल्या वर्षी तिच्यात दोन-दोन इंचांचे चार टायगर ऑस्कर आणून सोडले. आता ते सुमारे आठ इंचांचे झाले आहेत. त्यांपैकी एक बाकीच्यांना सतत कोपऱ्यात दाबतो आणि दुसऱ्याच्या कपाळावर बारीक खड्डे पडू लागले आहेत. दर रविवारी आम्ही टाकी पूर्ण रिकामी करून फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुतो, शिवाय मासा टाकीच्या मापानेच वाढतो असे दुकानदार सांगतात. कोणते औषध घालावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी औषधाची बाटली बाजूला ठेवावी, कारण आपल्या पत्रातील लक्षणांचे मूळ टाकीच्या मापात आणि रविवारच्या सफाईत दिसते. आपल्या टाकीत काठोकाठ भरले तरी सुमारे ५४ लिटर पाणी मावते. अमेझॉनच्या खोऱ्यातून आलेला, सिक्लिड या माशांच्या कुळातला ऑस्कर पूर्ण वाढला की साधारण १२ इंचांचा होतो आणि नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. एक फूट रुंदीच्या टाकीत त्याला धड वळताही येत नाही. ‘टाकीच्या मापाने वाढतो’ हे विक्रीच्या सोयीचे वाक्य आहे. लहान टाकीत मासा खुरटतो तो साचलेल्या घाणीमुळे आणि ताणामुळे, व असे मासे बहुधा अकाली मरतात.

माशांच्या विष्ठेतून व श्वसनातून पाण्यात अमोनिया मिसळतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत नव्या टाकीत नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन तिचा नाश करते, त्यामुळे आपण ज्याला स्वच्छता समजता, त्या सफाईनंतर दर सोमवारी माशांच्या वाट्याला अमोनिया येतो. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत हलका पिळावा आणि टाकी कधीही पूर्ण रिकामी करू नये. तूर्त दररोज चौथा हिस्सा पाणी बदलावे, नवे पाणी क्लोरीन काढून आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे करून घालावे. चाचणी संचाने तपासता अमोनिया व नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट दर लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, शक्यतो २० च्या आसपास असावे.

कपाळावरील खड्डे हा सिक्लिडांचा परिचित विकार आहे. दीर्घकाळ खराब राहिलेले पाणी, जीवनसत्त्वांची कमतरता आणि आतड्यातील एकपेशीय परजीवी यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. पाणी सुधारले की सुरुवातीचे खड्डे बरेचदा भरून येतात. मासा खाणे सोडू लागला किंवा त्याची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसू लागली, तरच माशांचे आजार जाणणाऱ्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध द्यावे. खाद्यात चांगल्या प्रतीच्या गोळ्या मुख्य असाव्यात, अधूनमधून कोळंबी किंवा गांडूळ चालेल. जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची हौस मात्र सोडावी: त्यांच्यासोबत रोग येतात आणि त्यांच्यातील एक विकर (एन्झाइम) बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते.

मारामारीवर उपाय जागेचाच आहे. एका ऑस्करसाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे २४० लिटरची टाकी मी किमान मानतो. दोघांसाठी सहा फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद व उंच टाकी घ्यावी. चौघांना घरात ठेवण्याचा विचार सोडून आपण एक किंवा दोन मासे ठेवावेत व बाकीचे मोठी टाकी असलेल्या पालकाला द्यावेत. सहा फुटी टाकीतील पाणीच साडेसहाशे किलोच्या घरात जाते, म्हणून सदनिकेत ती तुळईवर येईल अशा रीतीने भिंतीलगत ठेवावी आणि तत्पूर्वी संरचना अभियंत्याला विचारावे. हीटरला जाळी बसवावी, कारण चिडलेला ऑस्कर काचेचा हीटर सहज फोडतो. वीज गेली की पंप थांबतो आणि मोठ्या माशांना प्राणवायू लवकर अपुरा पडतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच. मालकाला ओळखून काचेशी धावत येणारा हा मासा इतका लोभस आहे, की पिल्लू विकत घेताना त्याच्या भावी आकाराचा विसर पडतो, हे मलाही कळते.

प्रश्न : आमचा फ्लॉवरहॉर्न आता दुसऱ्या कोणत्याही माशाला टाकीत राहू देत नाही. त्याला रंकाळ्यात सोडावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही. फ्लॉवरहॉर्न हा मध्य अमेरिकेतील सिक्लिडांच्या संकरातून १९९० च्या दशकात मलेशियात तयार झालेला, अत्यंत आक्रमक मासा आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेली तिलापिया आज किती जलाशयांत पसरली आहे, हे कोणताही मच्छीमार सांगेल. तिच्या पंक्तीला आणखी एक परका मासा नको. त्याला एकट्यालाच ठेवावे. हा त्याचा स्वभाव आहे, आजार नव्हे.

प्रश्न : आमच्या खाडीतला कालुंदर घरी पाळता येईल का?
– एक वाचक, गोवा

उत्तर : येईल. कालुंदर हा आपल्याकडचाच सिक्लिड. भारतात मूळच्या सिक्लिडांच्या मोजक्याच जाती आहेत, त्यांपैकी ही एक. तो सहज आठ इंचांवर जातो व कळपात राहतो, म्हणून पाच-सहा पिल्लांसाठी सहा फुटी टाकी हवी. निमखाऱ्या पाण्यात तो अधिक निरोगी राहतो. त्यासाठी स्वयंपाकाचे मीठ न वापरता सागरी टाकीसाठी मिळणारे मीठ वापरावे. शेवाळ व वनस्पती हा त्याचा मुख्य आहार असल्याने टाकीत शोभेची रोपे लावण्याचा खर्च टाळावा आणि वनस्पतिजन्य गोळ्यांसोबत उकडलेला पालक द्यावा. खाडीतून आणलेले पिल्लू थेट गोड्या पाण्यात सोडू नये. क्षार बदलायचेच असतील, तर ते काही आठवड्यांत थोडे थोडे बदलावेत.