'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांत 'बिल्बो' साकारणारे ब्रिटिश नट इयन होम यांनी मध्येच नाटक का सोडलं होतं?

रंगमंचाच्या भीतीमुळे. १९७६ मध्ये लंडनला 'द आइसमन कमेथ' करताना त्यांचा धीर इतका खचला की नाटकातूनच बाहेर पडावं लागलं. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. आणि हा काही नवखा नट नव्हे, रॉयल शेक्सपिअर कंपनीत घडलेला, 'द होमकमिंग'साठी १९६७ चा टोनी पुरस्कार मिळवलेला! मग बरीच वर्षं मुख्यतः कॅमेऱ्यासमोरच काम केलं: 'एलियन'मधला ॲश, 'चॅरियट्स ऑफ फायर'मधला प्रशिक्षक मुसाबिनी (यासाठी ऑस्कर नामांकन). मात्र 'सोडलं' म्हणजे कायमचं नाही. १९९३ मध्ये ते नाटककार हॅरॉल्ड पिंटरच्या 'मूनलाइट' नाटकातून परतले आणि १९९७ च्या 'किंग लिअर'साठी त्यांना ऑलिव्हिए पुरस्कारही मिळाला. माझ्या मते त्यांची खरी उंची बिल्बोपेक्षा या लिअरमध्ये दिसते.