तुमचे प्रश्न : मिनिस्टर, उपदेशक आणि मंडळी

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट या उदारमतवादी पंथाच्या मंडळीची, म्हणजे स्थानिक चर्चची, सदस्य आहे. त्यांचे जुने मिनिस्टर (धर्मोपदेशक) निवृत्त झाले आणि नव्यांची नेमणूक व्हायला दोन वर्षं लागतील, असं ती म्हणते. आमच्याकडे गुरुजी एका फोनवर मिळतात. तिथे एवढा वेळ का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : गुरुजी विधीपुरते येतात, मिनिस्टर मुक्कामाला येतो. (किंवा येते. या पंथात आता स्त्री मिनिस्टरच जास्त आहेत.) रविवारचा उपदेश, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, अंत्यविधी आणि कार्यकारिणीच्या बैठका, हे सगळं त्याच माणसाकडे असतं. शिवाय त्याची बदली करून पाठवणारा बिशप वर कोणी नाही. 1961 साली युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट एकत्र येऊन जी मध्यवर्ती संघटना झाली, ती फक्त पात्रता तपासते. त्यात धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, इस्पितळात रुग्णांसोबत प्रशिक्षण, एखाद्या मंडळीत शिकाऊ म्हणून काम, मानसशास्त्रीय चाचणी आणि शेवटी मुलाखत येते. दीक्षा देणं आणि नेमणं हे दोन्ही हक्क मंडळीचे.

पहिली एक-दोन वर्षं बहुधा हंगामी मिनिस्टर असतो आणि त्याला कायमच्या जागेसाठी उभं राहता येत नाही. हा नियम विचित्र वाटतो, पण फार शहाणपणाचा आहे. वीस वर्षं काम केलेला मिनिस्टर निवृत्त झाला की लोक त्याचीच नक्कल शोधतात, नाहीतर अगदी उलटा माणूस. हे निवळायला वेळ द्यावा लागतो. निवृत्त झालेलाही या काळात लांब राहतो. नव्या मिनिस्टरने बोलावल्याशिवाय तो तिथली लग्नं-अंत्यविधी घेत नाही.

मग शोधसमिती सदस्यांची मतं गोळा करते, अर्ज वाचते आणि निवडक उमेदवारांना शनिवार-रविवार भेटते. त्या वेळी उमेदवाराचा उपदेश तिसऱ्याच गावच्या मंडळीत ऐकतात, कारण तो सध्या जिथे नोकरीत आहे तिथे अजून कुणाला सांगितलेलं नसतं. समितीतल्या कुणी चहावर नाव फोडलं तर उमेदवाराची चालू नोकरी अडचणीत येते. भाची समितीवर असेल तर तिला हे जरूर सांगा. शेवटी एकच नाव मंडळीपुढे येतं. उमेदवार आठवडाभर राहतो, दोन रविवार उपदेश करतो आणि दुसऱ्या रविवारी मतदान होतं. 200 पैकी 30 मतं विरोधात गेली तरी 85 टक्के होतात, पण तेवढ्यावर बरेच उमेदवार नकार देतात. उद्या आजारपणात त्या तीस जणांच्याही उशाशी त्यालाच बसायचं असतं.

प्रश्न : आम्ही पंचवीस-तीस जण दर रविवारी मूर्तीविना उपासना करतो. आता मानधनावर उपदेशक नेमायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : महाराष्ट्राला हे नवं नाही. 1867 साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियनांच्या मदतीने धर्माचा अभ्यास करायला गेले आणि 1903 साली परतून समाजाचे प्रचारक झाले.

नेमणुकीआधी तीन गोष्टी लेखी हव्यात. पहिली, व्यासपीठावर त्याला काय बोलायचं याची मोकळीक. समितीला उपदेश पटला नाही तर चर्चा व्हावी, पण मजकूर आधी तपासायला मागू नये. दुसरी, वेळ. वीस मिनिटांचा उपदेश म्हणजे सुमारे 2,200 शब्द, आणि त्यामागे दोन दिवस सहज जातात. अर्धवेळ मानधन देऊन महिन्याचे चारही रविवार मागितले की वर्षभरात माणूस कोरडा पडतो. दोन रविवार त्याचे, दोन सदस्यांचे, असं ठेवा.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि भांडणं इथेच होतात. उपदेशकाला विश्वस्त करू नका. ज्याचं मानधन ठरवायचं तोच ठरवायला बसतो. धनादेशावर दोन सह्या असाव्यात, त्यात त्याची नको. गरजूंना गुपचूप मदत करायला त्याच्याकडे छोटा निधी जरूर द्या. वहीत नावाऐवजी क्रमांक, तारीख, रक्कम लिहायची आणि नावांची यादी वेगळी, बंद पाकिटात ठेवायची. एकच विश्वासू माणूस वर्षातून एकदा दोन्ही ताडून पाहील. नावं सभेत वाचली गेली की पुढच्या वर्षी कुणी मदत मागायला येत नाही.

आणि एप्रिल-मेमध्ये उपासना सकाळी साडेसातला घ्या. डेझर्ट कूलर बोलणाऱ्याच्या मागे असेल तर माइक त्याचीच घरघर उचलतो आणि मागच्या रांगेला प्रार्थना ऐकू येत नाही. तो श्रोत्यांच्या मागच्या खिडकीत बसवा. मौनाच्या दोन मिनिटांत पंप बंद करून नुसता पंखा ठेवला तरी खोली तापत नाही.

प्रश्न : अशा उपदेशकाने लावलेलं लग्न कायदेशीर ठरेल का?
– एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : नुसत्या त्याच्या सहीवर विसंबू नका. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात निदान 30 दिवसांचा रहिवास हवा, मुलगा 21 आणि मुलगी 18 वर्षांची पूर्ण हवी. नोटिशीनंतर 30 दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते. मंगल कार्यालयाची तारीख याच मधल्या दोन महिन्यांत धरा. विधी कोणताही चालतो, पण अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना ‘विधिवत पत्नी’, ‘विधिवत पती’ म्हणून स्वीकारल्याचं म्हणावंच लागतं. जादा शुल्क भरल्यास अधिकारी वाजवी अंतरावरच्या ठिकाणीही येऊ शकतात. ते येणार असतील तर त्यांना उपदेशाआधीच बोलू द्या. नाहीतर उपदेश लांबतो आणि साक्षीदार जेवायला निघून जातात.