आदिवासी समाजाला म्युझियमचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की आदिवासींसाठी म्युझियम, कल्चरल सेंटर बांधून त्यांना काय मिळतं, शेवटी बाहेरचेच लोक तिकीट काढून बघून जातात ना. मलाही पूर्वी असंच वाटायचं. मी कॅनडात व्हँकुव्हरला राहते, मागे अलर्ट बे या गावी गेले होते, नानायमोपासून चारेक तास गाडी आणि मग पोर्ट मॅकनीलहून फेरी, एवढंसं बेट आहे, तिथे क्वाक्वाक्यवाक्व या तिथल्या आदिवासी लोकांचं उमिस्ता कल्चरल सेंटर आहे. तिथलंच सांगते.

या लोकांत पॉटलॅच नावाचा समारंभ असतो. लग्न, नाव देणं, कोणी गेलं तर त्याचा मान पुढे कोणाकडे, हे सगळं चारचौघांसमोर होतं, मुखवटे घालून नाच होतात आणि यजमान आलेल्या सगळ्यांना आहेर देतो, जितकं देईल तितका त्याचा मान मोठा. पाहुणे नुसते जेवायला आलेले नसतात, साक्षीदार असतात. आपल्याकडे जे काम सातबारा करतो ते तिथे पाहुण्यांची आठवण करायची.

कॅनडा सरकारने 1885 पासून यावर बंदी घातली, ती थेट 1951 पर्यंत. लोक लपूनछपून करायचे. 1921 च्या डिसेंबरमध्ये डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला, बातमी फुटली, 45 जणांवर खटले, आणि वर सांगितलं की गावाने मुखवटे, तांब्याचे मानाचे पत्रे सगळं सरकारजमा केलं तर तुरुंग टळेल. वीसेक बायका-पुरुष तरी तुरुंगात गेलेच. आणि तो मुद्देमाल गेला कुठे? म्युझियममध्ये! ओटावा, टोरंटो, काही वस्तू तर न्यूयॉर्कच्या जॉर्ज हाय या संग्राहकाने विकत घेतल्या.

पुढे क्वाक्वाक्यवाक्व लोकांनी वस्तू परत मागितल्या तर ओटावाच्या म्युझियमने अट घातली की आधी म्युझियम बांधा, मग देतो. हे कळल्यावर मला फार राग आला, ज्यांचे मुखवटे त्यांनाच अट! मुळात त्यांच्यात मुखवटे भिंतीवर मांडायची रीतच नाही, ते पेटीत झाकून ठेवायचे आणि समारंभालाच बाहेर काढायचे. तरी बांधलं, 1979 मध्ये केप मज या गावी एक आणि 1980 मध्ये अलर्ट बेला हे. डॅन क्रॅनमर यांचीच मुलगी ग्लोरिया क्रॅनमर वेबस्टर, मानववंशशास्त्र शिकलेली, तिने यात पुढाकार घेतला. पॉटलॅचचे मुखवटे काचेत नाहीत, इतकी वर्षं कोंडलेले होते म्हणून मोकळे ठेवलेत, तुम्ही मध्ये उभे राहता आणि ते चारी बाजूंनी तुमच्याकडे बघतात, मला तिथे बोलवेना.

उमिस्ता म्हणजे काय तर पूर्वी शत्रूने पळवून नेलेली माणसं सुटून घरी आली की त्या परत येण्याला हा शब्द होता, तोच आता वस्तूंसाठी वापरतात. आंद्रे ब्रेतॉन या फ्रेंच लेखकाच्या संग्रहात यातला एक शिरोभूषणाचा तुकडा निघाला, त्याच्या मुलीने 2003 मध्ये तो स्वतः आणून दिला. ब्रिटिश म्युझियमनेही 2005 मध्ये एक मुखवटा पाठवला, पण उसना.

पण वस्तूंपेक्षा मला मोठं वाटलं ते भाषेचं काम. क्वाक्वाला या त्यांच्या भाषेसाठी लिहायची पद्धत बसवली, मुलांची पुस्तकं केली, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं. आणि हे सगळं कुठे, तर जिथे मुलांना घरापासून तोडून ठेवायचे आणि आपली भाषा बोलू द्यायचे नाहीत त्या निवासी शाळेच्या अगदी शेजारी. ती इमारत 2015 मध्ये पाडली, सेंटर उभं आहे.

एवढ्या लांब जाणं जमणार नसेल तर गुजरातमध्ये छोटा उदेपूरकडे तेजगढला जाऊन या, आपल्या भाषातज्ज्ञ गणेश देवींनी उभी केलेली आदिवासी अकादमी आहे, राठवा आदिवासींच्या मुलखात, तिथल्या म्युझियमचं नावच 'वाचा', म्हणजे वाणी, आहे.