‘शीत प्रकाश शोधक’ की ‘क्रायोजेनिक प्रकाशशोधक’?

प्रश्न असा: न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणावरच्या लेखात ‘क्रायोजेनिक लाइट डिटेक्टर’साठी, म्हणजे प्रचंड थंड ठेवलेल्या प्रकाश टिपणाऱ्या उपकरणासाठी, ‘शीत प्रकाश शोधक’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. ‘शीत प्रकाश’ म्हटलं की काजव्याचा उजेड डोळ्यांपुढे येतो. इथे थंड असतो तो शोधक, प्रकाश नव्हे. ‘अतिशीत’ही टाळावा, गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेल्या द्रवाशी त्याची गल्लत होते. इस्रोच्या इंजिनामुळे ‘क्रायोजेनिक’ आता घरोघरी पोचला आहे, तोच ठेवा. फक्त तापमानाचा आकडा सोबत द्या. इंजिनातला द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला असतो, तर इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखालचे ‘कुओरे’ प्रयोगाचे स्फटिक निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस, याहून थंड काही असू शकत नाही) वर जेमतेम ०.०१ केल्विनवर. शब्द एकच, पण अंतर केवढं!

आता ‘शोधक’ की ‘संवेदक’? इथे उपकरणाची रचनाच निवाडा करते. ‘कुओरे’नंतरच्या ‘क्युपिड’ प्रयोगात लिथियम मॉलिब्डेटच्या स्फटिकांलगत जर्मेनियमच्या पातळ चकत्या असतील. स्फटिकात ऊर्जा पडली की तो किंचित तापतो आणि मंद चमकतो. ती चमक चकती शोषते, चकतीही कणभर तापते आणि तिच्यावर चिकटवलेला चिमुकला तापमापक ती वाढ टिपतो. हा तापमापक म्हणजे संवेदक. चकतीसकट सगळं मिळून शोधक. दोन्हींना ‘संवेदक’ म्हटलंत तर वाचक गोंधळेल. हा सगळा खटाटोप कशासाठी, तेही लेखात जरूर यावं: हे प्रयोग ‘न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय’ शोधतात, म्हणजे अणुकेंद्रातून न्यूट्रिनोंशिवाय फक्त दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याची घटना. पण आसपासच्या किरणोत्सारातून येणारे अल्फा कणही स्फटिक तापवतात. हे कण तेवढीच उष्णता देऊनही इलेक्ट्रॉनांपेक्षा बराच कमी प्रकाश देतात. म्हणून उष्णता आणि प्रकाश एकत्र पाहिले की ही भेसळ वेगळी काढता येते. जुन्या विज्ञानलेखनातला ‘अभिज्ञातक’ अर्थाने चोख आहे, पण वाचताना अडखळायला होतं.

‘बोलोमीटर’ (पडलेली ऊर्जा तापमानवाढीवरून मोजणारं उपकरण) मात्र तसाच राहू द्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कथिलाच्या बोलोमीटरवर काम झालं आहे, त्याबद्दल लिहितानाही हाच शब्द सोयीचा पडतो.

क्रियापदाकडे विशेष लक्ष द्या. मराठीत ‘शोध’ घेतलाही जातो आणि लागतोही. न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय अजून कुणालाही निर्विवादपणे दिसलेला नाही. त्यामुळे ‘या दुर्मीळ घटनेचा शोध क्रायोजेनिक प्रकाशशोधकांच्या मदतीने घेतला जात आहे’ हे वाक्य बरोबर; ‘लावला जात आहे’ लिहिलंत तर अर्थच फिरेल.