आर-टाइप फायनल 2 हा विमानातून शत्रूंवर गोळ्या झाडण्याचा व्हिडिओ गेम घेण्याआधी मालिकेतले जुने भाग खेळावे लागतील का?

नाही, थेट फायनल 2 (2021) पासून सुरुवात करा. 1987चा मूळ आर-टाइप आणि हा, दोन्ही मी खेळलोय. कथा बायडो नावाच्या शत्रूशी लढण्यापुरती आहे, त्यामुळे मागचं माहीत नसलं तरी काही अडत नाही. शिकायचं आहे ते फोर्स, म्हणजे विमानासोबतचा गोळा, वापरणं. तो विमानाच्या पुढे किंवा मागे जोडता येतो, सुटा करून लांब फेकता येतो, शत्रूच्या साध्या गोळ्या अडवतो आणि स्वतः फुटत नाही. शत्रू पाठीमागून येणार असतील तर तो आधीच मागे लावून ठेवायचा. ऐन वेळी बदलायला गेलात की उशीर झालेला असतो. पहिल्यांदा खेळताना प्रॅक्टिस किंवा किड्स पातळी बिनधास्त निवडा. एक मात्र लक्षात ठेवा: विमान फुटलं की मागच्या चेकपॉइंटवर (टप्प्यातल्या ठरलेल्या जागी) जावं लागतं आणि मिळवलेली शस्त्रंही जातात, म्हणून प्रत्येक टप्पा पाठ करण्याची तयारी हवी. ती नसेल तर आर-टाइप डायमेन्शन्स ईएक्स घ्या. त्यात मालिकेतले पहिले दोन भाग आहेत आणि इन्फिनिट मोडमध्ये मेलात तिथूनच पुढे खेळता येतं.